उतारवयात अंगावर येणारे मस : जाळायचे, काढायचे की राहू द्यायचे?

पऱ्हाटी
नमस्कार मंडळी. आम्ही दिग्रस तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. प्रश्न माझ्या सासूबाईंचा आहे. वय ६८. गेल्या सात-आठ वर्षांत त्यांच्या पाठीवर, गळ्याखाली आणि केसांच्या कडेला तपकिरी-काळे मस आलेत. आधी तिळाएवढे होते, आता पाठीवरचा एक चिंचोक्याएवढा झालाय. वरून खरबरीत. भिंतीवर चिखलाचा शिंतोडा उडून सुकावा तसा दिसतो, नखानं उचकटला तर निघून येईल असं वाटतं. दुखत नाही. कापूस वेचून आल्यावर घामानं खाजतो, तेवढंच.

खरं दुखणं दुसरंच आहे. एक मस कपाळावर आहे, उजव्या भुवईच्या वर, तुरीच्या डाळीएवढा. मागच्या संक्रांतीला आम्ही दोघी हळदीकुंकवाला गेलो. त्या घरच्या बाईनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि आईंच्या पुढे नुसता करंडा धरला. "तुमीच घ्या लावून." आईंनी लावून घेतलं. घरी येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. तेव्हापासून पदर भुवईपर्यंत ओढलेला असतो. शेजारचं लेकरू रांगत आलं तरी उचलून घेत नाहीत.

आता संक्रांत पंधरा दिवसांवर आली. परवा बघते तर चुलीपाशी बसून सुईच्या टोकाला बिब्बा टोचून दिव्यावर धरलेला. मी हातातून काढून घेतला, तर डोळे भरून आले त्यांचे. म्हणाल्या, "मंग काय करू, तूच सांग."

तर सांगा. हे आहे काय? याची लागण होते का? दाखवायचं तर कुठं?

वऱ्हाडी_ठेचा
ताई, बिब्बा फेकून द्या पहिले. हात जोडून सांगतो. माह्या बुढ्यानं मानेवरच्या मसाले बिब्बा लावला होता. तिसऱ्या दिवशी बिब्बा असा उतला का मान, कान, डोयाच्या पापण्या, सारं सुजून पाणी सुटलं. लावला होता एका ठिकाणी, पण तेलाचं बोट जिथं जिथं लागलं तिथं तिथं फोड. बुढी माय तीळ-खोबरं वाटून लावत होती, रात्रभर बुढा बसून. महिनाभर वावरात गेला नाही. अन् मस? मस तिथंच. वरून काळा डाग बोनस.

अन्या_पुणे
मस म्हणजे व्हायरस असतो. आमच्या मुलाला बोटांवर आले होते, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की पसरतात. तोपर्यंत त्यांचा टॉवेल, कंगवा वेगळा ठेवा. लहान मुलांना जवळ देऊ नका.

शेवंता६१
अन्याभाऊ, जरा थांबा. माझं वय ६४. माझ्या पाठीवर असे वीसेक आहेत, सुनेनं न्हाऊ घालताना मोजले. आईला होते, आजीलाही होते. ३९ वर्षं एका अंथरुणावर झोपतोय, आमच्या ह्यांना एकही नाही. लागण असती तर त्यांना आधी झाली असती ना?

आशाताई_पुसद
मी गावातली आशा सेविका आहे, १४ वर्षं झाली. कुष्ठरुग्ण शोध अभियानात घरोघरी जातो तेव्हा म्हाताऱ्या बाया हळूच मागच्या खोलीत नेऊन पाठ उघडी करून दाखवतात. "बाई, हा तो रोग तं नाही ना?" नाव घेत नाहीत. आपल्या भागात ही भीती हाडात आहे. वरोऱ्याला आनंदवन आहे, अमरावतीला तपोवन आहे, वर्ध्याजवळ दत्तपूर आहे. तिथं एवढं मोठं काम उभं राहिलं तरी मनातली भीती काही गेली नाही.

पऱ्हाटीताई, तुमच्या सासूबाईंच्या पुढे करंडा धरणाऱ्या बाईच्याही मनात तेच असणार, मी पैजेवर सांगते. कुष्ठरोगाचा चट्टा बहुतेक वेळा फिकट किंवा लालसर असतो आणि तिथं स्पर्श कळत नाही. आम्ही पेनाच्या टोकानं हलकं टोचून विचारतो. असा चिकटवल्यासारखा, खरबरीत, उंचवटा आलेला मस म्हणजे कुष्ठरोग नाही. आणि कुष्ठरोग असता तरी बहुऔषधी उपचार फुकट मिळतात, रुग्ण बरा होतो. करंडा लांबून धरायचं कारण तेव्हाही नव्हतं.

त्वचावैद्य_वऱ्हाड
मी त्वचारोगाचा डॉक्टर आहे, २२ वर्षं याच भागात काम करतोय. न पाहता निदान करणं बरोबर नाही, पण वर्णन वाचून जे पहिल्यांदा मनात येतं ते सांगतो.

आपण 'मस' हा एकच शब्द पाच-सहा वेगळ्या गोष्टींना वापरतो आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. अन्या यांच्या मुलाला झालेले खरे चामखीळ. ते ह्यूमन पॅपिलोमा विषाणूमुळे होतात आणि पसरतात, त्यांचं म्हणणं त्या बाबतीत बरोबर आहे. पण ६८ वर्षांच्या बाईच्या पाठीवरचा, चिखलाचा शिंतोडा चिकटल्यासारखा मस बहुधा सेबोऱ्हिक केराटोसिस असतो. त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशी एका जागी जास्त वाढतात आणि त्यांच्यावर केराटिन साचत जातं. नखं आणि केस ज्याचे बनतात तेच केराटिन. म्हणून तो खरबरीत लागतो. नावात 'सेबोऱ्हिक' असलं तरी तेलग्रंथींशी त्याचा संबंध नाही, विषाणूशीही नाही. टॉवेल वेगळा ठेवायची काही गरज नाही. नातवंड खुशाल मांडीवर घ्यावं.

चाळिशी-पन्नाशीनंतर हे येऊ लागतात आणि वयाबरोबर वाढतात. शेवंताताईंनी सांगितलं तसे घराण्यात चालतात. अंगावर कुठेही येतात, फक्त तळहात आणि तळपाय सोडून. हे लक्षात ठेवा, कारण तळपायावर किंवा नखाखाली नवीन काळा डाग आला तर मात्र तो तातडीनं दाखवायचा. आपल्याकडे मेलॅनोमा हा त्वचेचा कर्करोग कमी दिसतो, पण झाला तर पुष्कळदा तिथंच होतो.

ठेचाभाऊंनी बिब्ब्याबद्दल लिहिलंय ते अक्षरशः खरं आहे. बिब्बा काजू आणि आंब्याच्या कुळातला. त्याच्या कवचातला काळा रस इतका जहाल असतो की धोबी त्यानं कपड्यावर न पुसणाऱ्या खुणा करत. तो त्वचेवर काय करेल याचा विचार करा. कपाळावर, डोळ्याच्या इतक्या जवळ तर मुळीच नको. रुईचा चीकही नको, तो डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते. चुना-सोडाही नको.

लालपरी_३२
माझ्या वडिलांची गोष्ट सांगतो. कानाच्या पुढे मोठा मस होता. गावातल्या कारागिरानं दाढी करायला नकार दिला. तोंडावर नाही बोलला, दरवेळी "आज वस्तऱ्याला धार नाही" म्हणायचा. बाबांनी दोन महिने दाढी वाढवली. शेवटी मी स्वतः त्या कारागिराला घेऊन ग्रामीण रुग्णालयात गेलो, बाबांना आणि त्याला एकाच बाकावर बसवलं. डॉक्टरीण बाईंनी त्याच्यासमोर मसाला हात लावून सांगितलं, "भाऊ, हे म्हातारपणाचं आहे, रोग नाही. फक्त वस्तरा जपून चालव." तो भला माणूस आहे, भीत होता इतकंच. संध्याकाळी स्वतः घरी येऊन दाढी करून गेला. मसाच्या भोवतीनं असा वस्तरा फिरवला की जणू पेरणीत झाड चुकवतोय.

बोरीअरबकर
जरा वेगळा प्रश्न. बायकोच्या मानेवर आणि काखेत बारीक बारीक लोंबणारे मस आहेत, देठ असल्यासारखे. वय ४६. आमच्याकडे घोड्याचा केस बांधतात, तसा बांधला तर गळून पडतील का?

त्वचावैद्य_वऱ्हाड
हे वेगळे. यांना स्किन टॅग म्हणतात. जिथं कातडी कातडीला किंवा साखळी-मंगळसूत्राला घासते तिथं येतात. निरुपद्रवीच. पण मानेची कातडी काळसर, मखमलीसारखी जाडही झाली असेल तर बाकी काही करायच्या आधी रक्तातली साखर तपासा. वाढलेलं वजन आणि मधुमेहाकडे निघालेलं शरीर यांच्याशी त्यांचं नातं आहे. केस बांधून कधी गळतात, कधी पिकतात. साखर जास्त असली तर पिकण्याची भीती अधिक. तसंच पापणीच्या आतल्या कोपऱ्याशी पिवळट चपटे डाग आले तर कोलेस्टेरॉल बघा. अशा सुमारे निम्म्या लोकांमध्ये ते वाढलेलं सापडतं.

बोरीअरबकर
मान काळी आहे डॉक्टर. आम्ही मळ समजून घासत होतो. उद्याच नेतो.

चांदूरची_लेक
मी ३७ची आहे. दोन्ही गालांवर काळे बारीक दाणे आलेत, मोहरीसारखे. आईलाही आहेत. हे म्हातारपणाचं म्हणायचं का?

त्वचावैद्य_वऱ्हाड
नाही. हा त्याच कुटुंबातला धाकटा भाऊ, डर्मॅटोसिस पॅप्युलोसा नायग्रा. सावळ्या कांतीच्या लोकांत, बायकांमध्ये जास्त, आणि तरुणपणीच सुरू होतो. निरुपद्रवी आहे. नको असतील तर काढता येतात.

शेवंता६१
कपाळाचा विषय निघाला म्हणून सांगते. मला टिकलीच्या जागी पांढरा डाग पडला होता. मला वाटलं कोड. डॉक्टर म्हणाले टिकलीच्या गोंदातल्या रसायनानं रंग गेला. टिकली सोडून कुंकू लावायला लागले, वर्षभरात बराच भरून आला. पऱ्हाटी, मस झाकायला आईंना मोठी टिकली लावायला सांगू नकोस हो.

पऱ्हाटी
शेवंताकाकू, अगदी तेच सांगणार होते! बरं झालं लिहिलंत.

रानवाट
सगळं वाचलं. सगळे 'काही नाही, काही नाही' म्हणताहेत म्हणून लिहिणं भाग आहे.

माझे वडील, हिंगणघाटकडचे शेतकरी, जन्मभर उन्हात. नाकाच्या बाजूला काळा मस आला. एका खाजगी दवाखान्यात "साधा मस आहे" म्हणून जाळला. सहा महिन्यांत परत आला, परत जाळला. मध्ये खड्डा पडायचा, खपली धरायची, खपली निघाली की रक्त यायचं. कडेला मोत्यासारखी चमकणारी रेघ होती, ती आम्हाला दिसत होती, पण आम्हाला काय कळणार. तीन वर्षांनी नागपूरला तुकडा काढून तपासला तेव्हा कळलं, बेसल सेल कार्सिनोमा. हा कर्करोग शरीरात क्वचितच पसरतो, पण जागच्या जागी खात जातो. शस्त्रक्रिया झाली, बाबा आज बरे आहेत. नाकपुडीचा तुकडा मात्र गेला.

दोन्ही वेळा जाळून टाकलं, त्यामुळे तपासायला काही उरलंच नाही. माझी एवढीच विनंती आहे. जाळायच्या आधी कुणीतरी जाणत्यानं नीट बघू द्या.

त्वचावैद्य_वऱ्हाड
रानवाट, तुम्ही लिहिलंत हे फार चांगलं केलंत. माझ्या पोस्टमध्ये हे आधी यायला हवं होतं. आपल्याकडे हा कर्करोग पुष्कळदा काळसर रंगाचा असतो, म्हणून तो मसासारखा दिसतो आणि फसवतो. न भरणारी जखम, आपोआप रक्त येणं, एकाच मसात दोन-तीन रंग, वेडीवाकडी कड, काही आठवड्यांत भराभर वाढणं, यातलं काहीही असेल तर घरी थांबायचं नाही. आणखी एक दुर्मीळ गोष्ट: दोन-चार महिन्यांत अचानक डझनावारी मस उगवले, सोबत खूप खाज, भूक मेली, वजन उतरलं, तर पोटाच्या आतलीही तपासणी करतात. सात-आठ वर्षांत हळूहळू आलेल्यांना हे लागू नाही. पऱ्हाटीताई, घाबरू नका.

नागपुरी_संत्रा
मग निरुपद्रवी असेल तर काढायचा कशाला? ६८ वय झालं, आता कोणाला दाखवायचंय? लोकांची समजूत चुकीची आहे तर लोकांना समजवा. आज कपाळावरचा काढला, उद्या गालावर येईल.

चांदूरची_लेक
दादा, ६८च्या बाईच्या घरीपण आरसा असतो. माझी आजी ८१व्या वर्षी वेणीला तेल लावून, पदर नीट करूनच दारात बसायची. स्वतःसाठी. "कोणाला दाखवायचंय" हे वाक्य बायकांना चाळिशीपासून ऐकवतात.

नागपुरी_संत्रा
मान्य. मी तसं लिहायला नको होतं. माझा मुद्दा इतकाच की त्यांना काढायचाय, की त्या बाईमुळे काढावा लागतोय? हे त्यांना विचारावं.

वऱ्हाडी_ठेचा
हे मात्र पटलं संत्राभाऊचं. विचारा त्यायले.

बोरीअरबकर
काढायचा म्हटलं तर कसा काढतात? खर्च? दुखतं का?

त्वचावैद्य_वऱ्हाड
भूल देऊन चमच्यासारख्या धारदार हत्यारानं खरवडतात. मस वरवरचा असल्यानं खोल कापावं लागत नाही, बहुधा टाके लागत नाहीत. विजेच्या सुईनंही काढतात. उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजननं गोठवतातही, पण सावळ्या त्वचेत रंगाच्या पेशी थंडीनं मरतात आणि पांढरा डाग राहू शकतो, म्हणून कपाळासाठी मी ते टाळतो. काढल्यावर खपली धरते, ती ओढायची नाही. फिका किंवा गडद डाग काही महिने राहू शकतो. दुसरीकडे नवीन मस येऊ शकतात, हे आधीच सांगून ठेवा. सरकारी मेडिकल कॉलेजच्या स्किन ओपीडीत खर्च अगदी कमी येतो.

अन्या_पुणे
मी वर टॉवेल वेगळा ठेवायला सांगितलं होतं ते मागे घेतो. पऱ्हाटी, सासूबाईंपर्यंत ते पोचलं नसेल अशी आशा आहे.

पऱ्हाटी
नाही पोचलं दादा. तुम्ही काळजीनंच लिहिलं होतं. शनिवारी यवतमाळला नेते आहे. काय होतं ते कळवते.

लालपरी_३२
दिग्रसहून पहाटेच्या गाडीनं निघा, दारव्ह्यामार्गे. केसपेपरची रांग लवकर वाढते.

पऱ्हाटी *(पाच आठवड्यांनी)*
मंडळी, उशिरा लिहितेय, माफ करा. तूर घरी आणायची होती.

यवतमाळला गेलो. आधी मी आईंना नागपुरी_संत्रांचा प्रश्न विचारला होता, एसटीतच. बराच वेळ खिडकीबाहेर पाहत बसल्या. मग म्हणाल्या, "पाठीवरचे राहू दे. ते माह्या मायचे हायेत. कपायावरचा मले नोको, कुकू तिरपं लागते."

तपासायला तरुण डॉक्टर होती. आईंचा पदर तिनंच हलक्या हातानं मागे केला, कपाळाला उघड्या हातानं चाचपून पाहिलं. मोजे नव्हते घातलेले. आई माझ्याकडे बघत होत्या, तिच्याकडे नाही. मग छोट्या भिंगाच्या यंत्रानं एकेक मस पाहिला. मलाही दाखवला. आत पांढुरके ठिपके दिसतात, खसखस पेरल्यासारखे. ते साचलेलं केराटिन. निदान डॉक्टरसाहेबांनी सांगितलं तेच. पण कानाच्या मागे एक होता जो आम्ही कधी पाहिलाच नव्हता. त्यावर खपली होती. रानवाटदादा, तुमची पोस्ट आठवली आणि मीच म्हटलं, हा जाळू नका, तपासा. त्यांनी काढून पाठवला. दहा दिवस झोप नाही. रिपोर्ट साधा आला. चष्म्याची काडी घासून जखम होत होती.

कपाळावरचा त्याच दिवशी काढला. भुलीची सुई टोचली तेवढीच दुखली.

संक्रांतीला खपली होती म्हणून आई कुठं गेल्या नाहीत. पण हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, तर आम्ही आमच्याच घरी ठेवलं. तिळगूळ, बोरं, हरभऱ्याचे घाटे, वाण म्हणून चहाच्या गाळण्या. ती बाईही आली. आई स्वतः उठल्या, पदर मागे होता. कपाळावर मसुरीएवढा गुलाबी डाग. त्यांनी तिला कुंकू लावलं. तिनं करंडा घेतला, क्षणभर थांबली, आणि आईंच्या कपाळावर बोट टेकवलं. सरळ लागलं कुंकू.

सगळ्या गेल्यावर ती मागे रेंगाळली. पोलक्याचा गळा बाजूला करून आईंना मान दाखवली. लोंबणारे मस, दहा-बारा. "काकू, हे बी तसंच हाय काय?" आईंनी चष्मा लावला, बोटानं चाचपलं, मान घासून पाहिली. म्हणाल्या, "हे आमच्यावाणी नाही. मान काळी हाय तुही. साखर तपासून घे."

आशाताई, तिच्यासाठी विचारते. साखर तपासायला दिग्रसलाच जावं लागेल का? तिच्याकडे गाडी नाही.

आशाताई_पुसद
नाही गं. तिशीच्या पुढच्या सगळ्यांची साखर आणि बीपी उपकेंद्रातच फुकट तपासतात. गावच्या आशाला सांग, ती सोबत नेईल. सकाळी चहा न घेता, उपाशी पोटी ये म्हणावं.